आवक खिडकीपासून पुढे

बेलापूरचे सिडको भवन असो, कोकण भवनातले एखादे कार्यालय असो की पाम बीच रस्त्यालगतचे महापालिका मुख्यालय, कागदाचा प्रवास सुरू होतो तो आवक खिडकीपासून. जुने कारकून या टेबलाला अजून ‘बारनिशी’ म्हणतात. खिडकीतला माणूस पत्र वाचत बसत नाही. मागे रांग उभी असते. तो वरचा पत्ता पाहतो, ‘विषय’ लिहिलेली ओळ शोधतो, ती नोंदवून क्रमांक टाकतो आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून ती परत देतो. कागद कोणत्या टेबलावर जायचा हे बहुतेक वेळा त्या एका ओळीवर ठरते. विषयाच्या जागी नुसते ‘तक्रारीबाबत’ लिहिलेले असेल, तर खाली दोन पाने कळकळीने लिहिलेली असूनही कागद भलत्याच विभागात जाऊन पडतो आणि तिथून ‘आमच्याशी संबंधित नाही’ असा शेरा घेऊन महिन्याभराने हलतो.

पत्रावाचून ज्या शहराचे पान हलत नाही, असे शहर म्हणजे नवी मुंबई. ते वसवण्यासाठी 17 मार्च 1970 रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण परिसरातल्या 95 गावांची जमीन संपादन करून सुमारे 344 चौरस किलोमीटरवर नवे शहर आखले गेले. इथली बहुतेक घरे सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीवर उभी आहेत. त्यामुळे घर घेणे, विकणे, वारसाच्या नावावर करणे, गहाण ठेवणे, प्रत्येक पायरीला पत्र लागते. इरादापत्र, वाटपपत्र, ना हरकत प्रमाणपत्र, त्रिपक्षीय करारनामा हे शब्द इथल्या गृहिणींनाही पाठ असतात. शिवाय ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, तुर्भ्याचा घाऊक बाजार, ऐरोली-महापेची संगणक कार्यालये आणि पावलोपावली सहकारी गृहनिर्माण संस्था. एवढा पत्रव्यवहार रोज चालत असताना तो नीट कसा करावा हे मात्र कोणी शिकवत नाही. शाळेत गुणांसाठी पत्रलेखन होते, तेवढेच.

नेरूळ-सानपाड्याच्या संस्थांतून महापालिकेला जाणारे एखादे पत्र साधारण असे असते, असे समजू :

‘उपरोक्त विषयान्वये आपणांस सविनय कळविण्यात येते की, आमच्या संस्थेत गेल्या अनेक दिवसांपासून पाण्याची तीव्र समस्या भेडसावत असून याबाबत वारंवार तोंडी व लेखी कळवूनही कोणतीही दखल घेण्यात आलेली नाही. सबब सदर प्रकरणी तातडीने उचित कार्यवाही करण्यात यावी, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल, याची नोंद घ्यावी.’

पत्र लिहिणाऱ्याचा त्रास खरा आहे. पण पाणीपुरवठा विभागातल्या अभियंत्याच्या जागी बसून ते वाचले तर हाती काय लागते? किती दिवस, ते नाही. पाणी येत नाही, कमी येते की गढूळ येते, ते नाही. कोणती इमारत, कोणती वेळ, आधीचे पत्र कोणत्या तारखेचे, काहीच नाही. आणि मागणी ‘उचित कार्यवाही’ची. आठ दिवसांनी ‘उचित कार्यवाही करण्यात आली आहे’ असे उत्तर आले तर त्यातला एकही शब्द खोटा ठरवता येणार नाही. मागणी धूसर असली की उत्तर धूसर देण्याची मुभा पत्र लिहिणाऱ्यानेच दिलेली असते.

आता तेच पत्र असे लिहिले तर?

‘आमच्या संस्थेच्या इमारत क्र. 4 मध्ये 24 फेब्रुवारीपासून सकाळी पाणी फार कमी दाबाने येते. पूर्वी तळटाकी दीड तासात भरत असे. आता तीन तासांत निम्मीच भरते. शेजारच्या तिन्ही इमारतींत दाब नेहमीसारखा आहे, त्यामुळे अडचण आमच्या जोडणीत असावी असे वाटते. मीटरपर्यंतची वाहिनी तपासून घ्यावी, ही विनंती. सकाळी सहा ते नऊ या वेळेत संस्थेचे सचिव इमारतीत उपस्थित असतील. तपासणीची तारीख आधी कळवल्यास टाकीची खोली उघडून ठेवता येईल. याच विषयावरील आमच्या 3 मार्चच्या पत्राची पोच सोबत जोडली आहे.’

यात ‘सविनय’ नाही, ‘नम्र’ नाही, आणि तरीही हे पत्र पहिल्यापेक्षा कितीतरी सभ्य आहे. वाचणाऱ्याचे अर्धे काम त्याने आधीच करून ठेवले आहे. ‘असावी असे वाटते’ या तीन शब्दांनी निदानाचा अधिकार अभियंत्याकडेच राहू दिला आहे. टाकीची खोली उघडी ठेवण्याची तयारी दाखवून त्याचा हेलपाटा वाचवला आहे. आंदोलनाची धमकी नसल्यामुळे पत्र दुबळेही झालेले नाही. उलट तारखा आणि तासांचे आकडे असल्याने ते टाळणे अवघड झाले आहे.

मराठीत सभ्यपणा म्हटले की आधी मायना आठवतो, आणि त्याला मोठा इतिहास आहे. कोणाला कोणत्या शब्दांनी संबोधावे, वडीलधाऱ्यांना काय लिहावे, बरोबरीच्याला काय, चाकराला काय, याचे नियम सांगणारी ‘मेस्तके’ शतकानुशतके वापरात होती. त्यांचे जनकत्व परंपरेने देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाडपंत याच्याकडे जाते. राजमान्य राजश्री, विनंती उपरी, बहुत काय लिहिणे ही त्या परंपरेतली ओळखीची वळणे. आज ती भरजरी वाटतात, पण त्यांना काम होते. मायन्यावरून लिहिणारा आणि वाचणारा यांचे नाते कळे, ठरावीक शब्दांवरून मजकूर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते कळे. शिवकालीन पत्राच्या अखेरीस उमटणारी मर्यादेची मोर्तब तर थेट सुरक्षेसाठी होती. मजकूर इथे संपला, याखाली कोणी काही घुसडले तर ते आपले नव्हे, असा तिचा अर्थ. आज प्रत्येक पानावर क्रमांक आणि सही असते, शेवटी ‘सोबत’ म्हणून जोडलेल्या कागदांची यादी असते, हेतू तोच.

त्या काळच्या पत्रांत एक पत्र असे आहे की प्रत्येक कार्यालयात वाचले जावे. 1673 साली शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणीला असलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ते पाठवले. विषय दाणावैरण जपून वापरण्याचा. नुसता हुकूम सोडता आला असता. पण पत्र कारण सांगते: आज बेहिशेब वापराल तर पावसाळ्यात साठा संपेल, घोडी उपाशी मरतील, मग तुमचे लोक गावात शिरून कोणाचे धान्य, कोणाची भाकर, कोणाचे गवत, कोणाची भाजी उचलू लागतील आणि रयत पळून जाईल. मग येते आगीची सूचना. कोणी कुठेही चूल पेटवील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, कोणी रात्री दिवा तसाच ठेवील आणि जळती वात उंदीर ओढून नेईल. गवताच्या गंजीला आग लागण्याची एकेक वाट पत्र डोळ्यांपुढे उभी करते. ‘आगीबाबत योग्य ती दक्षता घेण्यात यावी’ असे वाक्य वाचून कोणी दिवा विझवला नसता. उंदराने नेलेली वात वाचल्यावर विझवला असेल.

राज्याभिषेकानंतर याच राजाच्या आज्ञेवरून ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. दरबारी व्यवहारात मुरलेल्या सुमारे चौदाशे फार्सी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. स्वतंत्र महाराष्ट्रात त्या कामाचा पुढला अंक घडला: 1960 साली भाषा संचालनालय स्थापन झाले, 1964 साली राजभाषा अधिनियम झाला, पदनामांचे आणि शासनव्यवहाराचे कोश निघाले. पत्राच्या डोक्यावर आज सहज लिहिले जाणारे ‘दिनांक’ आणि ‘क्रमांक’ हे शब्द सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या मोहिमेतले. ही सगळी कमाई मोलाची आहे. इंग्रजीवाचून सरकारी पत्र लिहिताच येणार नाही, असे मानणारी पिढी फार जुनी नाही.

पण शब्द मराठी झाले, वाक्ये मात्र पुष्कळदा झाली नाहीत. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘सबब’, ‘तदनुषंगाने’ यांची पत्रात दाटी होते आणि क्रियापदाचा कर्ता नाहीसा होतो. ‘तपासणी करण्यात येईल’, पण कोण करील? ‘निर्णय घेण्यात आलेला आहे’, कोणी घेतला? मराठीत कर्ता गाळण्याची सोय आहे, आणि आदरापोटी ती वापरावी अशी जागाही असते. परंतु ज्या वाक्यात जबाबदारी ठरायची आहे तिथे कर्ता हवाच. ‘संस्थेचे सचिव सोमवारी चावी देतील’ हे वाक्य ‘चावी उपलब्ध करून देण्यात येईल’ याहून लांब नाही, आणि सोमवारी चावी मिळाली नाही तर कोणाला विचारायचे हेही त्यातून कळते.

हा रोग मराठीपुरता नाही. ब्रिटनच्या अर्थखात्याने दुसऱ्या महायुद्धानंतर अर्नेस्ट गॉवर्स या निवृत्त अधिकाऱ्याला सरकारी इंग्रजी सुधारण्यासाठी पुस्तक लिहायला सांगितले. 1948 साली निघालेले ते छोटे पुस्तक सामान्य वाचकांनीही उचलून धरले. अमेरिकेत 2010 साली सरकारी खात्यांनी नागरिकांना समजेल असेच लिहावे, असा कायदा झाला. महाराष्ट्रात नागरिकाच्या बाजूने एक वेगळीच शिस्त आली आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर आणि साधारणतः 150 शब्दांत असावा, असा नियम राज्याने 2012 साली केला. त्यावर टीका झाली, ती रास्तही होती, कारण अर्ज फेटाळण्याची ती सबब होऊ शकते. मात्र एक अर्ज, एक विषय ही सवय कोणत्याही पत्राला उपकारकच आहे. गळती, वाहनतळ आणि भटकी कुत्री यांच्यासाठी तीन पत्रे लिहावीत. एकाच पत्रात तिन्ही घातली तर ते तिन्ही विभागांचे असते आणि म्हणून कोणाचेच नसते.

व्यापारातले पत्र किती कमी शब्दांत पुरे होते, हे पाहायचे तर तुर्भ्याच्या बाजारात जावे. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचे बाजार मुंबईतल्या गर्दीतून टप्प्याटप्प्याने इथे हलले. फळे आणि भाजीपाला आला 1996 साली. आंब्याच्या हंगामात देवगड-रत्नागिरीचा बागायतदार पेट्या पाठवतो आणि गाळ्यावरून त्याला मिळते पट्टी. पेट्या किती, डझन किती, भाव काय, गाडीभाडे, हमाली, हाती पडणारी रक्कम. विशेषण एकही नाही. तीनशे किलोमीटरवर बसलेला माणूस त्यातली प्रत्येक ओळ पडताळून पाहू शकतो, आणि तो पुढल्या वर्षी त्याच गाळ्यावर माल पाठवतो की नाही हे त्या पडताळणीवर अवलंबून असते.

सर्वांत अवघड पत्र म्हणजे थकलेले पैसे मागण्याचे. रबाळे, महापे, तुर्भे इथल्या औद्योगिक वसाहतीत सात-आठ कामगारांचा लहान कारखाना चालवणाऱ्याला ते वारंवार लिहावे लागते. गिऱ्हाईक मोठे असते. ते दुखावले तर पुढची ऑर्डर जाईल ही धास्ती. म्हणून तो सहा महिने ‘कृपया सहकार्य करावे’ असे लिहीत राहतो आणि सातव्या महिन्यात एकदम तोल सोडतो. दोन्ही टोके त्याच्या तोट्याची.

पहिल्या पत्रात समोरच्याच्या नजरचुकीला जागा ठेवावी. बिल क्रमांक, तारीख, रक्कम, चलन क्रमांक, पैसे देय झाल्याची तारीख, एवढे मांडून पुढे एक विनंती करावी: ‘बिलात किंवा मालात काही त्रुटी आढळली असल्यास कृपया आठ दिवसांत कळवावे.’ हे वाक्य अत्यंत विनम्र आहे आणि तितकेच धारदारही. त्रुटी असेल तर ती आत्ताच कळते. काहीच कळवले नाही तर ‘माल खराब होता’ हे निमित्त पुढे पटकन सुचत नाही. दुसऱ्या पत्रासोबत खातेउतारा पाठवून बाकी रक्कम बरोबर असल्याचे कळवण्याची विनंती करावी. या उत्तराला कायद्यात वजन आहे. येणे वसूल करण्याच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी बाकी मान्य केली, तर 1963 च्या मुदत कायद्यानुसार तिथून मुदत नव्याने मोजली जाते. कागदाचा एवढासा तुकडा तीन वर्षे मिळवून देतो.

तिसऱ्या पत्रात कायद्याचा उल्लेख यावा, आवाज मात्र चढू नये. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म वा लघू उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. हे धमकीसारखे लिहायची गरजच नसते. ‘आमचा उद्यम नोंदणी क्रमांक असा आहे, वरील बिले 45 दिवसांच्या मुदतीबाहेर गेली आहेत, आपण 15 तारखेपर्यंत रक्कम पाठवल्यास व्याजाचा प्रश्न उद्भवणार नाही’ एवढे पुरते. लेखा विभागातली जी व्यक्ती हे वाचते ती बहुधा स्वतः पगारदारच असते. तिला साहेबांपुढे ठेवायला एक नेमका कागद हवा असतो, आणि तो तिला या पत्राने दिलेला असतो. तिच्यावर ओरडून उपयोग नाही. पैसे अडवणारी ती नव्हेच.

नकाराचे पत्र हा पुष्कळांना टाळावासा वाटणारा प्रकार, म्हणून ते पाठवलेच जात नाही. दर मागवले, तिघांनी दिले, एकाला काम मिळाले, उरलेल्या दोघांना कोणी काही कळवत नाही. ते महिनाभर फोन करत राहतात. ‘आपला देकार मिळाला, आभार. या वेळी काम अन्य कंत्राटदाराला दिले आहे’ या दोन वाक्यांना दोन मिनिटे लागतात. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही सभासदाच्या तक्रारअर्जावर समितीने पुढच्या सभेत निर्णय घ्यावा आणि तो पंधरा दिवसांत त्याला कळवावा, अशी तरतूद आहे. निर्णय विरुद्ध गेला तरी तो कळला म्हणजे सभासदाला पुढची वाट धरता येते. सर्वांत जास्त कटुता साचते ती मौनामुळे.

ईमेलने या सगळ्याला वेग दिला आणि एक नवी अडचणही आणली. पुष्कळ मराठी पत्रे आता इंग्रजी मसुद्यावरून यंत्राकडून करून घेतलेली असतात. ‘प्रिय सर’ अशी सुरुवात होते. अनोळखी अधिकाऱ्याला मराठीत ‘प्रिय’ म्हणणे कानाला कसेसेच वाटते, तिथे ‘महोदय’ किंवा ‘महोदया’ हवे. ‘कृपया संलग्न शोधा’ असे वाक्य खरोखर पाठवले जाते, आणि वाचणारा बिचारा शोधू लागतो. ‘यादी सोबत जोडली आहे’ हे त्याचे साधे मराठी. तारीखही महत्त्वाची: 5/6 म्हणजे पाच जून की सहा मे, हा घोळ परदेशी गिऱ्हाइकाशी व्यवहार करणाऱ्या महाप्याच्या कंपनीला महागात पडू शकतो. महिना अक्षरी लिहिला की प्रश्न मिटतो.

या शहरात पत्राच्या नेमकेपणाची सर्वांत जास्त गरज कोणाला असेल, तर ज्यांच्या जमिनीवर ते उभे राहिले त्या आगरी-कोळी कुटुंबांना. जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. तो हक्क प्रत्यक्षात उतरायला मात्र कागदच लागले. आजोबांच्या नावाचा सातबारा, वारसांची नावे, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, निवाड्याची तारीख. ‘आमची वडिलोपार्जित जमीन गेली आहे, न्याय मिळावा’ या वाक्यामागे तीन पिढ्यांचे दुःख असते. तरी सर्व्हे आणि हिस्सा नंबर लिहिलेला नसेल तर कारकुनाला त्या दुःखाची नस्ती सापडत नाही. गावातला एखादा शिक्षक किंवा निवृत्त तलाठी असे अर्ज लिहून देतो तेव्हा तो आधी गाऱ्हाणे पूर्ण ऐकून घेतो, मग शांतपणे विचारतो, ‘नंबर काय?’ आणि पत्राची पहिली ओळ त्या नंबराने सुरू करतो. गाऱ्हाणे दुसऱ्या परिच्छेदात येते, कमी शब्दांत येते, आणि म्हणून वाचले जाते.

अशा पत्राचा तिसरा वाचक लिहिताना कोणाच्या ध्यानात नसतो. पहिला आवक खिडकीतला, दुसरा निर्णय घेणारा अधिकारी. तिसरा पंधरा वर्षांनी येतो. अधिकारी बदलून गेलेले असतात, पत्र लिहिणारे सचिव गावी स्थायिक झालेले असतात, इमारत पुनर्विकासाला निघालेली असते, आणि नवी समिती लोखंडी कपाट उघडून जुने कागद चाळत असते. त्या वेळी ‘मागील पत्रात नमूद केल्याप्रमाणे’ ही ओळ निरुपयोगी असते; मागील पत्र कपाटात नसते. ‘आमचे 3 मार्चचे पत्र, आवक क्रमांक अमुक’ ही ओळ उपयोगी पडते, कारण ते पत्र पलीकडच्या कार्यालयातून मागवता येते.

म्हणून अनुभवी सचिव तीन गोष्टी चुकवत नाहीत. पत्राची स्थळप्रत, म्हणजे शिक्का आणि आवक क्रमांक असलेली आपल्याकडची प्रत, त्याच दिवशी फाइलला लावतात. टपालाने पाठवले असेल तर पोच पावती स्थळप्रतीलाच टाचतात. 2025 साली टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केले, पण संस्थांच्या बोलण्यात अजून ‘आरपीएडी केलंय’ हेच येते. आणि समिती बदलते त्या दिवशी चाव्या, शिक्के, पासबुक यांच्याबरोबर आवक-जावक नोंदवहीही मोजून, सही घेऊन, पुढच्यांच्या हवाली करतात.